विहीणबाईंचं मलावी

ग्रेट ब्रिटनमध्ये आजवर आमच्या विहीणबाईंइतकी दमवणारी बाई दुसरी झाली नसेल, आणि हे मी केवळ विहीण म्हणून म्हणत नाही. मी वॉटफर्डला राहते, त्या स्टॅनमोरला. मधले मैल देवाने विचार करूनच घातले असावेत. त्या माझ्या सुनेच्या, सईच्या, आई; सईचं घरही स्टॅनमोरलाच. एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्या वॉर्डातले पेशंट औषधाने बरे व्हायचे की यांच्या धाकाने, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. यजमान सईच्या लग्नाआधीच गेले. रिटायर झाल्यावर चारचौघी करतात ते सगळं त्यांनी करून पाहिलं. योगाच्या क्लासला गेल्या, शिकवणाऱ्या मुलीची कंबर कुठे चुकतेय ते तिला दाखवून परत आल्या. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या, तिथे बायकांना रांगेत उभं करून वाण वाटपाची शिस्त लावली; पुढच्या वर्षी त्यांना तारीखच कुणी कळवली नाही. मग एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी जाहीर केलं की आपण आफ्रिकेत, मलावीला, हेल्थ व्हॉलंटियर म्हणून चाललोय. आधी तीन महिने ट्रेनिंग, तेही खेड्यात, एका कुटुंबात राहून. ते जमलं तर पुढे दोन वर्षं काम. आमचे हे "वा" म्हणाले आणि त्यांनी आणखी आमटी मागितली.

जमणार नाही, याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. लेक डिस्ट्रिक्टला एका रात्रीसाठी जाताना जी बाई स्वतःची उशी, चादर आणि चहाचं आधण ठेवायला पातेलं घेऊन जाते, ती मच्छरदाणीत किती दिवस काढणार? अमेय, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला की पंधरा दिवसांत परत येतील. मी म्हटलं, त्या नाही येणार, ते लोक पाठवतील. पण ट्रेनिंग पुरं करून, परीक्षा पास होऊन, वसंतात बाई परतल्या, आणि काम सप्टेंबरात सुरू होणार होतं. मधल्या काळात त्यांनी आम्हाला ट्रेनिंग द्यायला घेतलं.

पहिला धडा दारातच. मलावीच्या खेड्यात बेल नसते. पाहुण्याने अंगणाबाहेर उभं राहून "ओडी" अशी हाक घालायची, आतून या म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. उत्तम रीत आहे, पण तिथे भिंती मातीच्या आणि खिडक्या उघड्या असतात. आमच्या घराला डबल ग्लेझिंग. मी मागे किचनमध्ये, मिक्सर चालू, आणि या पुढे ड्राइव्हमध्ये उभ्या राहून ओडी, ओडी करतायत. समोरच्या घरातला इंग्रज कार धूत होता, त्याने हातातला स्पंज टाकून धावत येऊन माझी बेल वाजवली आणि एक बाई आपलं कुत्रं शोधतेय असं कळवलं. मी विचारलं, अहो, अमेयने एवढी कॅमेऱ्याची बेल बसवून दिलीय ती काय शोभेला? तर म्हणाल्या, बेल वाजवणं म्हणजे घरातल्या माणसाला हुकूम सोडणं, आणि ओडी म्हणणं म्हणजे त्याला विचारणं. चाळीसेक नर्सेसना नुसत्या भुवईने पळवणाऱ्या बाईने हे मला सांगावं! मी त्यांना आत या म्हटलं.

आत आल्यावर नमस्कार. आपल्याकडे "काय, कसं काय" म्हटलं की काम संपतं. तिकडे तसं नाही. सकाळी भेटलेल्या माणसाला, तुम्ही कसे उठलात, असं विचारायचं. त्याने सांगायचं, मी नीट उठलो, तुम्ही कसे उठलात? मग घरातले कसे उठले, मुलं कशी उठली, शेजारी कसे उठले. ही सगळी उठाठेव होईपर्यंत कामाचा विषय काढणं म्हणजे असभ्यपणा. विहीणबाई हे इंग्रजीत भाषांतर करून सगळीकडे विचारायला लागल्या. आमच्या ह्यांना फारच आवडलं, कारण ते कसे उठले हे या घरात लग्नानंतर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात करून सविस्तर उत्तर दिलं. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, तर त्या तरण्या पोराने आपल्या तान्ह्या मुलीला दात येतायत आणि घरात कुणी झोपलेलंच नाही हे सांगायला घेतलं, विहीणबाईंनी हिरड्यांना काय लावायचं ते सांगितलं, आणि मागे अख्खी बस तटून राहिली. जीपीच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, फोन वाजत असताना आणि मागे क्यू लागलेला असताना, त्यांनी रिसेप्शनिस्टला विचारलं की तू आज कशी उठलीस आणि तुझ्या घरचे कसे उठले. ती मुलगी बिचारी मनाची चांगली. तिने फार हळुवारपणे यांना मेमरी क्लिनिकची माहिती दिली.

आता पेहरावाचं सांगते. तिथल्या बायका कमरेला रंगीबेरंगी कापड गुंडाळतात, चितेंजे म्हणतात त्याला. त्यात मूल पाठीला बांधता येतं, डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ करता येते, आणि वेळ पडली तर अंथरून बसता येतं. विहीणबाईंनी ते मार्क्स वगैरे दुकानांतून घेतलेल्या नेव्ही ब्लू ट्राउझरवरून गुंडाळायला सुरुवात केली. पिवळ्याजर्द कापडावर जांभळे मासे, वर रेनकोट, पायात चालायचे बूट. पाठीला बांधायला नातू हवा, म्हणून आमच्या नीलला बांधून पाहिलं. नील चार वर्षांचा आहे, आणि बापावर गेलाय. तो घसरत घसरत त्यांच्या पोटरीपर्यंत आला आणि तिथेच लटकून हसत राहिला. शिवाय कुणाला काही झालं की लगेच "पेपानी", म्हणजे सॉरी. आपला दोष असो नसो. समोरच्याला ठेच लागली, शिंक आली, त्याची बस चुकली, तरी पेपानी. आता इंग्रज माणूस मुळात आपलाच पाय कुणी तुडवला तरी सॉरी म्हणणारा. हाय स्ट्रीटवर एका आजोबांची पिशवी फाटून बटाटे सांडले तेव्हा या पेपानी म्हणाल्या, ते सॉरी म्हणाले, या पुन्हा सॉरी म्हणाल्या. शेवटी बटाटे मी गोळा केले.

पण एक गोष्ट त्या स्वतःवर हसून सांगतात, तेवढ्यासाठी त्यांना बाकीचं माफ. ज्या घरात त्या राहिल्या तिथली यजमानीण यांच्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी लहान, पण ट्रेनिंगचा नियम म्हणून या तिला अमायी, म्हणजे आई, म्हणायच्या. शेजारच्या बाईने एक दिवस नव्या पाहुणीसाठी वाडगाभर भाजी पाठवली, भोपळ्याच्या पानांची, दाण्याचं कूट घातलेली. विहीणबाईंनी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, माहेरी गेल्यासारखं वाटलं वगैरे. इथवर ठीक. पण मराठी बाईच्या हाताला रिकामं भांडं परत करायची सवय नाही. यांनी वाडगा घासला आणि बरोबर नेलेले बेसनाचे लाडू घालून परत पाठवला. शेजारणीला वाटलं, भाजीची परतफेड झाली, आता नव्या भेटीला उत्तर द्यायला हवं. दुसऱ्या दिवशी वाडग्यातून रताळी आली. यांनी मक्याच्या पिठाचा शिरा करून घातला. मग शेंगा आल्या, मग अंडी आली. लाडू संपले, साखर संपली, अमायीचं तेल संपत आलं, पण दोघींपैकी एकही हटेना. शेवटी एक दिवस जिवंत कोंबडी आली, पाय बांधलेली, आणि वाडग्यात काय घालावं या विचाराने विहीणबाई रडकुंडीला आल्या. तेव्हा अमायीने भाषा शिकवणाऱ्या मास्तरांना बोलावून त्यांच्याकरवी विचारलं, "तुमच्या देशात हे थांबतं कसं?"

विहीणबाईंनी खरं उत्तर दिलं, की थांबत नाही. ते मी शपथेवर सांगेन. मुलांचं लग्न झाल्यापासून एक स्टीलचा डबा वॉटफर्ड आणि स्टॅनमोरच्या मध्ये हिंडतोय. तो मुळात कुणाचा, हे आता आम्हा दोघींनाही आठवत नाही.

तर अशा या बाईंना थांबवण्याची कामगिरी माझ्यावर आली. झालं असं, की त्या परतल्या आणि महिन्याभरात सईने बातमी दिली. दुसरं, नोव्हेंबरातलं. आनंदीआनंद. पण लगेच पुढचा प्रश्न आला की नर्सरीतून नीलला आणायचं कुणी, सईचं पथ्यपाणी कुणी बघायचं, बाळाला आंघोळ कुणी घालायची. उत्तर सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि ते सप्टेंबरात मलावीला चाललं होतं. त्यांनी जायचा शेवटचा होकार अजून कळवला नव्हता, एवढीच आशा. सई इथेच जन्मलेली. तिचं मराठी गोड आहे पण लिंगाच्या बाबतीत फार उदार. ती म्हणाली, "आई, माझा मम्मी माझं ऐकत नाही. तो तुमचं ऐकेल." अमेय म्हणाला, तुम्ही दोघी विहिणी आहात, तू बोललीस तर ते वेगळं दिसेल. वेगळं म्हणजे काय ते मला चांगलं कळलं. वाईटपणा मी घ्यायचा.

मी तीनदा गेले. पहिल्यांदा, मी कशी उठले, हे कसे उठले, वॉटफर्ड कसं उठलं, यातच चहा थंड झाला. दुसऱ्यांदा विषय काढला, तर त्यांनी मला मागच्या अंगणात नेऊन खराट्याने झाडून दाखवलं. कमरेत वाकून, एक हात पाठीवर, मातीवर अर्धगोल रेघा उठतील असं. स्टॅनमोरच्या बागेत माती कुठली, हिरवळ होती. तिच्यावर जे काही उठलं ते अजून भरून आलेलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी ठरवूनच गेले होते की आज ओडी नाही आणि अमायी नाही, सरळ तोंडावर बोलायचं.

घर बंद. कार दारात. मला वाटलं, बाई पडल्या की काय आत. मग शेजारच्या घराच्या पुढच्या खिडकीतून मला ते जांभळे मासे दिसले. त्या घरात एक इंग्रज जोडपं राहायचं, आमच्याच वयाचं. कुंपणावरून हॅलो, ख्रिसमसला कार्ड, कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची आठवण, एवढाच घरोबा. आदल्या दिवशी त्यातली बायको वारली होती. आणि आमच्या विहीणबाई त्याच्या लाउंजमध्ये, कार्पेटवर चितेंजे अंथरून, भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसल्या होत्या. तो सोफ्याच्या कडेवर, हातात टीव्हीचा रिमोट, टीव्ही बंद. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंग्रजाच्या घरी मयत झालं की कार्ड टाकायचं, "काही लागलं तर सांगा" लिहायचं आणि त्याला काही लागू नये अशी प्रार्थना करायची. एवढं तर मीही शिकलेय. त्यांना हाताला धरून उठवून न्यावं म्हणून मी दार वाजवून आत गेले.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा थोपटली. माझे गुडघे काय म्हणतात ते मी लिहीत नाही, पण मी बसले. बसल्यावर आपल्या सवयीने मी त्याला विचारायला तोंड उघडलं, अचानक झालं का, डॉक्टर काय म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघतात तसा, आणि तो काढलाच नाही. मग आम्ही नुसत्या बसलो. मला गप्प बसायची सवय नाही. शाळेत त्यासाठी मला वर्गाबाहेर उभं करायचे. घड्याळाची टिकटिक ऐकून झाली, मॅंटलपीसवरचे फोटो बघून झाले. किती वेळ गेला कोण जाणे, तो माणूस आपणहून बोलायला लागला. बायकोला पोपट आवडायचे, म्हणाला. बागेत कधी हिरवे पोपट आले की ती त्याला ऑफिसात फोन करायची, आणि तो म्हणायचा, मी मीटिंगमध्ये आहे. एवढं बोलून तो सोफ्यावरून उतरला आणि आमच्यासमोर खाली बसला, आणि रडला.  मग बऱ्याच वेळाने त्याला चहा करायचं सुचलं, आणि तेव्हा लक्षात आलं की आम्हा तिघांपैकी कुणालाच आपलं आपण उठता येत नाहीये. त्याने सोफा धरला, मी त्याला धरलं, विहीणबाईंनी मला धरलं, आणि तिघंही परत बसलो. तो हसला. बायको गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, ओल्या डोळ्यांनी, अगदी मोठ्याने हसला.

घरी आल्यावर विहीणबाईंनी मला पाणी दिलं आणि मी न विचारताच सांगायला लागल्या. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात गावातली एक म्हातारी वारली. सगळं गाव काम टाकून तिथे गेलं, म्हणून याही गेल्या. गेल्या गेल्या विचारायला लागल्या की ताप किती होता, औषध काय दिलं, हॉस्पिटलात का नाही नेलं. अमायीने त्यांचा हात धरून त्यांना चटईवर बसवलं. बायका गाणी म्हणत होत्या, मग गप्प बसत होत्या, पुन्हा म्हणत होत्या.

"हे गेले तेव्हा माझं घर माणसांनी भरलेलं होतं," त्या म्हणाल्या. "आला तो विचारायचा, कसं झालं? मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं, ड्यूटी बदलताना रिपोर्ट देतात तसं. नीट, काही न विसरता. रडायचं राहूनच गेलं. ते मी त्या चटईवर रडले, विहीणबाई. त्या म्हातारीचं मला नावसुद्धा माहीत नव्हतं."

मी पाणी पीत राहिले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या लपवायला माझ्याकडे एकच पेला होता.

"इथे मला सगळं येतं, म्हणून मला सगळे कामाला लावतात," त्या म्हणाल्या. "तिथे मला अंगण झाडता येत नव्हतं, बादली डोक्यावर घेता येत नव्हती. बायका पोट धरून हसायच्या आणि पुन्हा शिकवायच्या. मला तिथे अजून शिकायचंय. पण सईचं असं आहे. मी नाही गेले तर चालेल."

मी ज्या कामासाठी गेले होते ते त्यांनी आयतंच माझ्या पदरात टाकलं होतं. हो म्हणायचं की झालं. मी पेला विसळून ठेवला आणि हो न म्हणताच घरी आले.

पुढच्या रविवारी सईकडे सगळे जमलो. सईने रडून घेतलं, अमेयने व्यवहाराचं सांगितलं, आणि मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण आता माझी पाळी होती. मी म्हटलं, त्यांना जाऊ द्या. नीलला मी आणीन, सईचं मी करीन, बाळाला आंघोळ मी घालीन. अमेयने अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं की जणू मी भर निवडणुकीत पक्ष बदलला.  विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला बाळाला तेल लावता येतं का? नीलच्या वेळी तो तुमच्या हातातून सटकत होता." उपकाराची जाण असावी तर अशी. नंतर उन्हाळाभर त्या मला एका बाहुलीवर तेल लावायला शिकवत होत्या, आणि माझं एकदाही बरोबर आलं नाही.

सप्टेंबरात हीथ्रोला मी सोडायला गेले. सईने आदल्या दिवशीच मिठी मारून घेतली होती, एअरपोर्टवर तिला झेपलं नसतं. मीही वाटेत ठरवलं होतं की आपण काही हळवं व्हायचं नाही. सामानाची बॅग जड झाली म्हणून त्यांनी तिथेच क्यूत बसून बॅग उघडली, लाडवांचे डबे माझ्या हातात दिले, परत घेतले, आणि शेवटी त्याऐवजी स्वतःची उशी काढून मला दिली. सिक्युरिटीच्या दोरीपाशी आल्यावर थांबल्या.

"तुम्ही एकदा जरी राहा म्हणाला असतात ना," त्या म्हणाल्या, "तर मी राहिले असते."

"माहीत होतं मला," मी म्हटलं. "म्हणूनच नाही म्हटलं."

 मग त्यांनी माझी ओढणी नीट केली, पेशंटची चादर करतात तशी, आणि गेल्या.

बाळ नोव्हेंबरात झालं. मुलगी. व्हिडिओवर विहीणबाईंना दाखवली तेव्हा तिकडचं नेटवर्क अर्ध्यात गेलं, पण तेवढ्यात मी तिचं डोकं चुकीचं धरलंय हे त्यांचं सांगून झालं होतं. मी आता बसने स्टॅनमोरला जाते, नीलला आणते, सईला खायला घालते, आणि संध्याकाळी मोडलेल्या कमरेने परत येते. मंडळातल्या बायका भेटल्या की तोंड वाकडं करून विचारतात, काय हो, या वयात हे काय खूळ, पोटच्या मुलीचं बाळंतपण टाकून कुणी जातं का? मला इतका राग येतो म्हणून सांगू! मी त्यांना चांगलं सुनावते. विहीणबाईंना नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा आहे. आणि तो वापरावा म्हटलं, तर समोर त्या नाहीत.